डोमाजीचे मेलेले टूटर

आता तुम्हीच सांगा बाप्पा, हिंगणघाटात एक डोमाजी राहे, त्याची बायको कांता राहे, आन् दोघायच्या मधात, खाटेखाली, चुलीमागं, देवाच्या पाटाजोळ, जिकडं पाहाल तिकडं जुने टूटर राहत, तं अशा घरात मानसानं पाय कुठी ठेवावा? टूटर म्हंजे काय म्हनाल तं आयका. जुन्या रेडिओच्या, टाकीजच्या बाक्स्यात एक मोठा भोंगा राहे, तो ढबढब करे, आन् त्याच्या डोक्यावर एक वाटीएवढा राहे, तो बारीक आवाज काढे, टाळाचा, बासरीचा. त्या वाटीले टूटर म्हनत. कांताले पयल्या दिवशीच वाटलं का तुटलेला राहते म्हनूनच टूटर म्हनत असन. नावच टूटर, मंग त्याच्यातून काय भलं होनार?

डोमाजी कापडाच्या मिलमध्ये मागावर होता. जवानी सारी त्या खडखडाटात गेली, आन् मंग एक दिवस मिलनं त्याले कमी केलं. तवा गावात टीवी आला होता, टेप आले होते, लोकं जुने रेडिओ न् बाक्से घराबाहेर काढून राह्यले होते. डोमाजीच्या डोक्यात आलं, का हे टूटर काढाचे, वाजवून पाहाचे, जित्ते निंगन ते मंडपवाल्यायले इकाचे, मेले निंगन ते भंगारात टाकाचे. कांतानं इचारलं, "तुमाले त्यातलं काय समजते?" तं म्हने, "वाजते का नाई एवढंच पाहाचं, त्याले का शाळा लागते?"

आन् धंदा चालला नसता तं काय होतं? केळझर होतं. केळझरले कांताचा भाऊ रूपराव राहे, त्याची केळीची बाडी. त्यानं साऱ्या पाहुन्यायसमोर म्हटलं होतं, "जवाईबापू, लाजू नोका, बाडीत खोपडी बांधूनच ठेवली हाये. धंदा बुडला का या, केळी राखा आन् वानरं हाकला." असं म्हने आन् हासे. पाहुने बी हासत. डोमाजीनं तवाच सांगून टाकलं, का उपाशी राहीन पन साळ्याची वानरं हाकलनार नाई. कांताले दोनी कडून मरन. भावाच्या बाडीत नवरा वानरं हाकलन, तं माहेरी कोन्या तोंडानं जावं?

तं डोमाजी बसे रेडिओ घेऊन. गानं लावे, टूटरचे वायर जोडे, कानाले लावे, डोये मिटे, मान हालवे... अन् म्हने, "मेला." दुसरा जोडे. "हा बी मेला." तिसरा घेतला का त्याच्यातून भर्रर आवाज निंगे, फाटक्या सुपात दाने पाखडल्यावानी, का लगेच त्याचं तोंड खुले. "कांते, हा पाह्य, जित्ता. कसा दनदन बोलून राह्यला." असं दिवसभर. जो भर्र करे तो जित्ता, बाकीचे मेले. मेल्यायचा ढीग वाढे, जित्ते बोटावर मोजाएवढे.

मंग शंका आली का शेजारच्या तानबाले बलावे. तानबा बी मिलचाच, त्याच्या बाजूच्या मागावरचा. तानबा टूटर कानाले लावे, डॉक्टरवानी तोंड करे, "नाई गा डोमा, ह्याच्यात जीवच नाई." झालं, दोघायचं मत पडलं, टूटर ढिगात. आन् कांता चुलीपासून वरडे, "अवो, ते चिसचिस बंद करा, कान किटले माहे." डोमाजी म्हने, "कोनती चिसचिस?" ती म्हने, "जाऊ द्या." तिले वाटे, मेलेला टूटर असाच चिसचिस करत असन, जीव गेल्यावर आवाज बारीक होनारच का नाई? धनी सांगून राह्यला मेला, तानबाभाऊ सांगून राह्यले मेला, आपल्याले काय समजते? नावच टूटर, मंग त्याच्यातून काय भलं होनार?

पवनारचा नत्थूजी मंडपवाला, भला मानूस, लग्नाले मंडप, भांडे, लाउडस्पीकर सारं पुरवे. त्यानं डोमाजीकडून जित्ते टूटर नेले, नव्या बाक्स्यात बसवले, आन् एका लग्नात लावले. तुम्हाले सांगतो, मंगलाष्टकं सुरू झाले. भटजी म्हने "सावधान", बाक्सा म्हने "भर्रधान". भटजी थांबला, पुन्ना म्हटलं, पुन्ना "भर्रधान". नवरदेवाले हासू आलं, नवरीच्या बापाले राग आला, आन् अक्षता पडाच्या त्या टायमावर एक म्हातारा म्हने, "बाक्स्यात बैल बांधला का बा?"

दुसऱ्या दिवशी नत्थूजी थैली घेऊन दारात. "डोमाजी, हे तुमचे फाटलेले टूटर. माही इज्जत गेली. आता पुरे झालं, आजपासून तुमचा माल बंद."

नत्थूजी गेला म्हंजे सारं गेलं, दुसरं गिऱ्हाइकच नोहतं. कांताले केळझरची खोपडी दिसाले लागली, वानरं दिसाले लागले.

डोमाजी म्हने, "फाटलेले? थांबा." एक जोडला, भर्रर. "आता सांगा, हा मेला हाये का?" नत्थूजीनं कानावर हात ठेवले. डोमाजी म्हने, "तुमाले मेलेला कसा राहते ते पाहाचं का? मंग पाहा." आन् ढिगातला एक उचलून जोडला. "झालं? हाये का आवाज?"

नत्थूजीनं कानावरचे हात काढले. मान वाकडी करून आयकत राह्यला. "डोमाजी, हा तं देवघरातल्या घंटीवानी वाजून राह्यला."

"गरिबाची थट्टा करता का, नत्थूजी?"

"थट्टा नाई. दुसरा जोडा." दुसरा जोडला. "हा बी मस्त." तिसरा जोडला. "हा तं त्याच्याहून मस्त. अन् हे तुमी भंगारात काढले?"

कांता उभीच राह्यली. तेच चिसचिस. तिनं नत्थूजीच्या तोंडाकडं पाह्यलं, मंग धन्याच्या तोंडाकडं पाह्यलं. त्याच्या तोंडावर काईच नोहतं. मंग ती काय करते? भिताडाकडं तोंड केलं, आन् जशी रोज बोले तशीच बोलली, "चहा मांडू का?"

नत्थूजी म्हने, "मांडा."

डोमाजी काईच बोल्ला नाई. आता तुम्हीच सांगा, जो मानूस झोपेतून बी चहाले हो म्हने, तो गप? ती वळली, त्याच्याकडं पाहून आवाज न काढता नुसत्या ओठानं तेच म्हटलं, तं लगेच म्हने, "मांड न, इचारतं काय?"

तवा तिले समजलं. मिलच्या खडखडाटात सारे एकमेकायचे ओठ पाहूनच बोलत, नाई तं वरडत. घरी आले तरी वरडत. गल्लीच सारी मिलवाल्यायची, सारेच वरडत, मंग कोनाचा कान गेला अन् कोनाचा राह्यला, कसं समजन? बारीक आवाज त्याच्या कानातून कवाचा निंगून गेलता, आन् तानबाच्या बी, फाटक्या टूटरची जाडी भर्र तेवढी आयकू ये. इतके दिवस तिनं आयकलं पन तिले समजलं नाई, आन् त्याले समजे पन आयकू येत नोहतं. असा तो संसार.

ती धन्यासमोर बसली. "अवो, हे मेले नाई. तुमाले आयकू येत नाई." तो तिच्या ओठाकडं पाहत राह्यला. मंग एक टूटर उचलला, कानाले लावला, काढला, दुसऱ्या कानाले लावला. अन् हळूच तिच्या हातात देल्ला. "तूच पाह्य."

नत्थूजीनं सारा ढीग नेला. वर्ध्याचे रेडिओ दुरुस्त करनारे बी टूटर घ्याले येऊ लागले, कांता कान लावे, मान हालवे, आन् डोमाजी तिची मान पाहून गिऱ्हाइकाले जोरात सांगे, "जित्ता." नावच टूटर, त्याच्यातून काय भलं होनार म्हनून रडली होती कांता, पन झालं भलं. लक्ष्मी आली बाप्पा, त्यायच्या बी दारात आली, पायातले पैंजन वाजवत आली. पन पैंजनाचा आवाज पडला बारीक, डोमाजीले काई आयकू आला नाई, अन् हातातलं काम सोडून दार बी कांतालेच उघडा लागलं.