दादाचा रणगाडा आणि कावळा

तुम्हाला खोटं वाटेल, पण दादाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेचना. रामकुंडावर ऊन तापलं. मामा म्हणाले, "आईला आम्ही सांभाळू." कावळा ढिम्म. "धाकट्याला नोकरीला लावू." कावळ्यानं तोंडच फिरवलं.

मग मला दादाचा रणगाडा आठवला. हौसेनं जोडलेलं छोटं मॉडेल, लष्करी हिरवे-मातकट पट्टे अर्धेच रंगवलेले. मी हात जोडले, "दादा, उरलेला मी रंगवतो!"

कावळा उडून लांबच्या छपरावर बसला.

आई म्हणाली, "अरे गाढवा, मागचा रणगाडा तू गेटच्या ऑइलपेंटनं रंगवलास, तेव्हा आठवडाभर बोलला नव्हता तो तुझ्याशी."

मी ओरडलो, "बरं, हातसुद्धा लावत नाही!"

कावळा झपकन खाली आला.

रणगाडा अजून अर्धाच आहे. धूळसुद्धा मी फुंकूनच काढतो.