सिरिलच्या नावावरचा एक्स-रे

चोरून ऐकायची मला सवय नाही. पण बाळांच्या सरकारी दवाखान्यात बाळांसाठी मिळणाऱ्या संत्र्याच्या रसाच्या रांगेत उभी होते, आणि पुढच्या दोघींना हळू बोलता येत नव्हतं.

“एनिड, माझ्या सिरिलच्या नावावर क्षय निघाला.”

“अगं बाई! तरी म्हटलं, नवरा तुझा एवढा का खोकतो.”

“त्याचा एक्स-रे झालाच नाही गं. नोकरी जाईल म्हणून घाबरला. तपासणीची एक्स-रे गाडी आली तेव्हा आपल्या धाकट्या भावाला पाठवलं, आपलं नाव सांगायला लावून.”

“विल्फला? तो तर पहिलवान गडी!”

“म्हणूनच पाठवला ना, शहाणे! सकाळी आरोग्यबाई दारात येऊन सांगून गेली.”

“मग विल्फला सांगितलंस?”

“सिरिल म्हणतो, तोंड उघडू नकोस.”

“मेव्हिस! आत्ता कुठंय तो पोरगा?”

“माझ्याच घरी. बाळाला मांडीवर घेऊन बसलाय.”