पिसवा कुणाच्या

मास्तरीण : उंबऱ्याच्या आत यायचं नाही! तुमची गादी काढून ठेवलीय जिन्यात. उचला आणि चालत्या व्हा.

गादीवाली : उचलीन. पण तुमच्या पिसवा तुमच्यापाशी ठेवून.

मास्तरीण : माझ्या? गादी आली त्याच दिवसापासून खाजवतोय आम्ही!

गादीवाली : आणि त्याच दिवशी सगळ्या जिन्याला ऐकवलंत. खालच्या तीन बायका पिंजायला दिलेला कापूस परत घेऊन गेल्या. हयात गेली माझी ह्या धंद्यात, कुणी बोट दाखवलं नव्हतं. कुठे चावतात?

मास्तरीण : हे बघा! घोट्यापासून वर.

गादीवाली : पाठीला? मानेला?

मास्तरीण : तिथे नाही.

गादीवाली : मग काय गादीवर उभ्यानं झोपता? ढेकूण असता तर अंगभर फोडून काढलं असतं. पिसू जमिनीवरनं उडी मारते, पायच धरते. गादी बाहेर काढून किती दिवस झाले?

मास्तरीण : चार.

गादीवाली : चावायचं थांबलं?

मास्तरीण : ...नाही. पण गादी आली त्याच दिवशी आम्ही गावाहून आलो, त्याआधी महिनाभर घर बंद होतं हो! बंद घरात कुठून येणार?

गादीवाली : मांजर होती?

मास्तरीण : पाळलेली नव्हे. खिडकीतनं यायची. कपाटामागे व्याली, तर पिल्लांसकट हाकलली आणि मगच गावाला गेलो.

गादीवाली : मांजर गेली, तिच्या पिसवांची अंडी राहिली. गालिच्यात, फरशीच्या सांदीत. कोष करून गप पडतात मेल्या, महिना महिना उपाशी. पावलं वाजली की उठल्याच! तुम्ही आलात, त्यांचं जेवण आलं.

मास्तरीण : शाळा किती शिकलात हो तुम्ही?

गादीवाली : दुसरी. तीही नापास. सरका. पांढरे मोजे घालूनच आलेय.

मास्तरीण : अहो, चावतील ना!

गादीवाली : चावू देत. त्यांना तरी कळेल मी कोण ते.

(ती कपाटामागच्या गालिच्यावर पाय आपटत फिरते, परत येते.)

गादीवाली : बघा मोज्यांवर. मोजा किती त्या.

मास्तरीण : अगंबाई! चार... सात... ह्या तर उड्या मारतायत!

गादीवाली : गालिचा कडक उन्हात टाका. सांदी कोरून झाडा, साबणाच्या कढत पाण्यानं धुवा. रोज. आठ दिवसांनी थांबू नका.

मास्तरीण : चुकलंच माझं. गादी आत घेते. मावशी, या, बसा ना घरात.

गादीवाली : घरात नको. बसायचं तर इथेच, जिन्यात. ह्याच गादीवर.

मास्तरीण : इथे? शाळा सुटायची वेळ झाली, सगळ्या बायका पोरांना घेऊन ह्याच जिन्यानं येतील आता.

गादीवाली : येऊ देत की.

मास्तरीण : ...सरका थोडं.