तिहुआनाच्या मिगेलचा पासपोर्ट

अरे, शारजा-दुबई ट्रॅफिकचं मला नका सांगू! शारजाहून दुबईच्या ऑफिसला, एकाच देशात, रोज दोन तास! माझ्या गाडीत मिगेल असतो, आमच्या ऑफिसातला मेक्सिकन. तिहुआनाचा, म्हणजे अगदी अमेरिकेच्या बॉर्डरवरचा. कॉलेजला रोज बॉर्डर ओलांडून अमेरिकेत जायचा. दोन तास लाइन. गाडीतच नाश्ता, गाडीतच अभ्यास. पासपोर्ट अजून खिशात असतो.

परवा आम्ही असेच अडकलेलो आणि हा डुलक्या काढतोय. पोलिसाने याच्या बाजूची काच ठोठावली, तसा दचकून याने सवयीने पासपोर्टच पुढे केला.

पोलीस म्हणाला, "हा कशाला?"

"दुबईत जायचंय."

"मग जा की, हबीबी!"

मिगेलचा चेहराच पडला. मी म्हटलं, "अरे, सुटलास ना?"

"कसला सुटलो! तिकडे दोन तासांनी निदान दुसरा देश यायचा. इथे नुसतं ऑफिस येतं!"