अर्जुनसालीचा गुण

— मिळेल गं संचिता, बाटली मिळेल, आधी बस तर. तुझ्या सासऱ्यांना आमच्या ह्यांनीच सांगितलं ना — कोलेस्टेरॉलच्या गोळ्या फेका, माझा अर्क घ्या? वाटलंच. हल्ली अख्ख्या नौपाड्यात ह्यांच्या तावडीतून कोणी सुटत नाही. कल्याणच्या बाजारातून अर्जुनाची साल आणायची, गुग्गुळ आणायचा, उकळायचा, गाळायचा — पातेली घासायला मी आहेच. जन्मभर बँकेत शिक्के मारले, आता धन्वंतरी झालेत.

रिपोर्ट? हो, ह्यांचा रिपोर्ट उत्तम आला, तिथेच तर घोळ झाला. ज्येष्ठ नागरिक संघात फिरवला, टाळ्या घेतल्या. टाळ्या कसल्या — अगं, ह्यांची गोळी बंद कुठे झाली होती? मीच रोज खलात कुटून अर्कात घालत होते. कडू इतका, की विटेचा भुगा टाकला तरी कळायचं नाही. काय करणार — भांडून भांडून थकले, माणूस तर जगवायचा होता.

हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता निघालंच तोंडातून, तर ऐक. ह्यांचे धाकटे भाऊ, कळव्याचे कुंडलिकभाऊजी — बायपास झालेला माणूस — त्यांनी तो रिपोर्ट पाहिला आणि गोळ्या सोडल्या. अर्कच घेत होते. त्यांच्या अर्कात कोण कुटून घालणार? जाऊबाईंना काय ठाऊक? परवा छातीत कळ आली, आयसीयूत आहेत. आणि हे काय म्हणाले माहितीये? "कुंडलिकने पथ्य पाळलं नसणार."

मग आज सकाळी सांगून टाकलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं समोर ठेवली. म्हटलं, आता तरी कळलं असेल — तर म्हणतात, "माझं यश तुला बघवत नाही, मंजुळा." आणि निघाले हॉस्पिटलला, पिशवीत बाटली घालून. आयसीयूत पाजणार होते बहुतेक — नर्सने हाकललं असेल.

तेव्हा बाटलीचं विसर. सासऱ्यांना म्हणावं, गोळी घ्या गुपचूप, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय — थांब, लॅचचा आवाज आला. हेच आले. काही बोलू नकोस हं.

अहो, कसे आहेत भाऊजी?

...असे उंबऱ्यावर काय बसलात? अहो?

संचिता, तू घरी जा.