कोबीच्या शेजारची बीअर

नाही, पण मला एक सांगा, लापशीचा आणि बीअरचा संबंध काय? तो घरी बीअर करायच्या सामानाच्या दुकानातला टॅनर, वय तीस, दाढी बेंबीपर्यंत, मला म्हणतो, "काका, लापशी येते ना करता? मग बीअर येते." आणि मी, लेनी कुबियाक, कागदाच्या गिरणीत छत्तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस, मी चक्क मान डोलावली! अहो, मला लापशी कुठे येते? चौतीस वर्षं बायको करते, आर्डिस, मी खातो. पण दुकानात उभं राहून हे कबूल कोण करणार? घेतली झाकणाची बादली, घेतला माल्टचा डबा, आत काकवीसारखं काहीतरी, घेतली हॉप्सची, म्हणजे बीअर कडू करणाऱ्या फुलांची पुडी, यीस्टची पुडी, नळ्या, बुचं मारायचं यंत्र... टाकलं गाडीत आणि आलो घरी.

आता तुम्ही म्हणाल, लेनी, तुमच्या शबॉयगन गावात काय बीअरचा दुष्काळ पडला होता? आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना बार आहेत, मधे चर्च आहे, आणि चर्चच्या तळघरातही मिळते. दुष्काळ होता तो वेगळ्याच गोष्टीचा. माझे सासरे, मिस्टर फोल्कर. एक्केचाळीस वर्षं मिलवॉकीत बीअरच्या कारखान्यात, जिथे बीअर आंबत पडते त्या तळघराचे मुख्य. टाकीशी नुसतं नाक नेऊन सांगायचे, काय बिघडलंय आणि कुणी बिघडवलंय. अस्सल जर्मन माणूस, आणि मुलीने लग्न केलं पोलिश पोराशी, म्हणजे माझ्याशी! त्या दिवसापासून मी त्यांना 'मिस्टर फोल्कर' आणि ते मला 'कुबियाक'. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत माझ्यासाठी त्या तोंडातून एक बरा शब्द नाही. त्यांचं छप्पर मी घातलं, दर हिवाळ्यात दारातला बर्फ मी उपसला, गुडघ्याच्या ऑपरेशनला मीच नेलं. येताना गाडीत तासभर गप्प, आणि घराशी उतरताना म्हणतात, "कुबियाक, ब्रेक उशिरा लावतोस."

नोव्हेंबरात त्यांची नव्वदी होती. मी मनाशी म्हटलं, या खेपेला आपल्या हातची बीअर म्हाताऱ्यापुढे ठेवायची. एक घोट घेतील आणि म्हणतील, "बरी आहे." बस, तेवढंच हवं होतं मला. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये 'बरी आहे' म्हणजे जीव ओवाळून टाकला म्हणायचा. वाईट तर आम्ही कुणालाच म्हणत नाही. अगदीच घशाखाली उतरेना, तर म्हणतो, "वेगळीच आहे." हे एकदा ऐकलं की पातेलं उचलायचं आणि घरी जायचं.

तर लापशी येते ना, मग बीअर येते! स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढवलं, माल्ट ओतलं, हॉप्स टाकले, आणि मी जरा खिडकीबाहेर बघितलं... शेजारचा हॅर्लन पानं गोळा करत होता, एवढंच बघितलं हो... मागे फस्स! अर्धं उतू! शेगडीवर, शेगडीखाली, आर्डिसच्या नव्या पायपुसण्यावर, आणि थंड झाल्यावर ते असं चिकटलं की खरवडायला मी गॅरेजमधून रंग काढायची पट्टी आणली. आर्डिस दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, ती ओरडत नाही. म्हणाली, "लेनी, आपल्याला तळघर आहे." झालं, उरलेल्या पातेल्यासकट माझी रवानगी खाली.

आता तळघरात एकच कोपरा असा, की ना गार ना गरम. आणि त्या कोपऱ्यात दर ऑक्टोबरात बसतो आर्डिसचा कोबीचा रांजण. तिच्या आईचा रांजण. कोबी चिरायचा, मीठ लावायचं, लाकडी दांडक्याने कुटायचा, वर दगड, की आंबतोय बापडा महिनाभर. मी म्हटलं, त्यालाही आंबायचंय, हिलाही आंबायचंय, बसू देत शेजारी! टॅनरने बजावलं होतं, उकळून थंड झाल्यावर बीअरला जे जे लागेल ते सगळं औषधाच्या पाण्यात बुडवायचं. मी बादली बुडवली, झाकण बुडवलं, नळी बुडवली, स्वतःचे हात कोपरापर्यंत बुडवले. आणि ढवळायला गेलो तर चमचा आखूड! तळाशी पोचेना. शेजारी रांजणाला टेकून तो दांडका उभा. लांब, मजबूत, हाताशी. मी नळाखाली धरला, झटकला, आणि ढवळलं. हो, ढवळलं! आता काय फाशी देता?

पंधरा दिवस बादली बुडबुडत होती. मी रोज खाली जाऊन खुर्ची टाकून बसायचो, आर्डिस म्हणायची, पोरं लहान होती तेव्हा त्यांच्याजवळ कधी इतका बसला नाहीस. मग बाटल्या भरल्या, बुचं मारली, आणखी पंधरा दिवस. त्यातल्या चार आपण होऊन फुटल्या, म्हटलं जोर आहे बीअरमध्ये! शुक्रवारी तळलेल्या मासळीला नेहमीच्या बारमध्ये जमलो, तेव्हा एक बाटली लपवून नेली आणि हॅर्लनला पाजली. तीस वर्षांपासूनचा शेजारी, माझ्याशी खोटं बोलणार नाही. त्याने घोट घेतला. डोळे मिटले. उघडले. माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "वेगळीच आहे."

मी दुसऱ्या दिवशी टॅनरकडे. त्याने नुसता वास घेतला आणि विचारलं, "काका, लाकूड घातलंत यात?" मी म्हटलं, लाकूड नाही रे, दांडका. कसला दांडका? कोबीचा. त्याने दाढीवरून हात फिरवला आणि मला लहान पोराला सांगतात तसं सांगितलं, कोबी ज्या जंतूंनी आंबट होतो ते लाकडात घर करून असतात, पाण्याने जात नाहीत, आता ही बीअर नाही, ओतून द्या. म्हटलं, लेका, हे लापशीच्या वेळी का नाही सांगितलंस?

नव्वदीला उरला होता एक दिवस. गुपचूप बाटल्या खोक्यात भरल्या, गॅरेजात ठेवल्या, दोन दिवसांनी ओतून देऊ म्हटलं, आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायला गेलो. सत्तर माणसं. सॉसेज, बटाट्याचं सॅलड, केक. मी खुर्च्या मांडून वळतो तो काय, आर्डिस! बिचारीला वाटलं, नवरा विसरला, म्हणून ते खोकं घेऊन आली होती, आणि एक पेला भरून वडिलांच्या हातात देऊनही झाला होता.

म्हाताऱ्याने पेला नाकाशी नेला. एक घोट घेतला. थांबले. दुसरा घोट. सगळा पेला रिकामा! "अजून आहे?" दुसरा पेला. तिसरा! मला, तुम्हाला खोटं कशाला सांगू, डोळ्यांना पाणी आलं. हॅर्लन गेला खड्ड्यात आणि टॅनर त्याच्या मागून! गेलो पुढे, घसा खाकरला आणि विचारलं, "मिस्टर फोल्कर, कशी आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. लेकीचा हात धरला आणि म्हणाले, "आर्डिस, तुझी आई गेल्यापासून असं कोबीचं पाणी प्यालो नव्हतो. पोटाला फार चांगलं." मग मान माझ्याकडे वळली. "कुबियाक, तू काय आणलंस?"

आर्डिसने तोंड उघडलं. मी मान हलवली, नको. काय सांगणार होती? कोबीचं पाणी नव्हे बाबा, ही माझ्या नवऱ्याची बीअर? त्या माणसाला? ज्याने एक्केचाळीस वर्षं बीअर सांभाळली? मी म्हटलं, "खुर्च्या, मिस्टर फोल्कर. खुर्च्या मी आणल्या." ते म्हणाले, "डुगडुगतात."

घरी येताना मी मनात म्हटलं, नव्वदी झाली, नाक गेलं म्हाताऱ्याचं, त्याला काय दोष द्यायचा. लापशी येते ना, मग बीअर येते! मला ना लापशी येते, ना बीअर. बादली विकायला काढली.

आणि गुरुवारी सकाळी फोन. चौतीस वर्षांत त्यांचा मला पहिला फोन. मी म्हटलं, आर्डिस बाजारात गेलीये. तर म्हणाले, आर्डिस नकोय, तूच हवास. आठ दिवसांचं अडलेलं पोट रविवारपासून घड्याळासारखं चाललंय, दर महिन्याला दोन डझन बाटल्या पाठव. मी हो हो म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "आणि कुबियाक... हॉप्स जरा कमी घाल. दांडका मात्र धुऊ नकोस."

म्हणजे नाक जागेवर होतं हो! पहिल्या वासात सगळं कळलं होतं, बीअर कळली, दांडका कळला, कुणी केली तेही कळलं, आणि तरी सत्तर माणसांत श्रेय लेकीला! आता हे 'बरी आहे' झालं, की 'वेगळीच आहे' झालं, तुम्हीच सांगा. मी नाही विचारणार. दर महिन्याला त्याच कोपऱ्यात, त्याच दांडक्याने दोन डझन करतो आणि मुकाट्याने पोचवतो. परवा तर दारातच म्हणाले, "कुबियाक, नाश्त्याची वेळ आहे, लापशी करतोस का?"