त्याने घातलेला आकडा

दाताच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. लॅपटॉप तिचा होता, पण मांडीवर त्याच्या.

“दवाखान्याचं वायफाय जोडलंय, पण त्याचं लॉगिनचं पानच उघडत नाही.”

“मला तुझ्या गावी बदली हवी असेल, तर अर्ज पाचच्या आत जायला हवा. त्याला फोन लावू का?”

“कोणाला?”

“ऑफिसातल्या चष्मेवाल्याला. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स त्यानेच घालून दिलंय.”

“काही गरज नाही. मी काय माशा मारतोय?”

“वीस मिनिटं झाली.”

“थांब. इथे डीएनएसला, म्हणजे साइटचे पत्ते कोणाला विचारायचे तिथे, एक आकडा कायमचा घालून ठेवलाय. हा कोणी घातला?”

“त्यानेच. ऑफिसात नेट अडकायचं ना.”

“म्हणजे तुझा पासवर्ड त्याला माहीत आहे?”

“मी शेजारीच बसले होते.”

“शेजारी! किती वेळ?”

“तू अर्जाचं बघ.”

“आधी हा त्याचा आकडा काढून टाकतो... अगं, आलं! लॉगिनचं पान आलं! बघितलंस? सगळी त्याचीच घाण होती.”

“हो. बाहेरचं वायफाय लागलं नाही तर हा आकडा काढायचा, असं त्याने कालच सांगितलं होतं.”

“मग इतका वेळ गप्प का बसलीस?”

“त्याने सांगितलंय म्हटलं असतं, तर तू काढला असतास?”